बाळाच्या डोळ्यातून सतत पाणी येते तेव्हा : अश्रुनलिकेचा अडथळा आणि शस्त्रक्रियेविना उपचार

बाळ दोन-तीन आठवड्यांचे झाले की अनेक घरांत एक तक्रार ऐकू येते. बाळ रडत नसतानाही त्याचा एक डोळा पाण्याने डबडबलेला असतो. सकाळी उठल्यावर पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असतात, कोमट पाण्याने पुसल्यावर त्या सुटतात आणि दुपारपर्यंत पुन्हा पिवळट घाण जमते. ‘डोळे आले असतील’ असे म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात. चार दिवस बरे वाटते, थेंब थांबवताच त्रास पुन्हा सुरू होतो. मग दुसरे थेंब, तिसरे थेंब असा क्रम चालू राहतो आणि पालकांची चिंता वाढत जाते.

यांपैकी बहुतेक बाळांच्या डोळ्यात मूळ आजार नसतो. अश्रू डोळ्यातून नाकात वाहून नेणाऱ्या नळीचे खालचे तोंड जन्माच्या वेळी पूर्णपणे उघडलेले नसते, एवढेच कारण असते. या दोषाला ‘जन्मजात अश्रुनलिका अवरोध’ म्हणतात. त्यावरील पहिला उपचार आईच्या बोटाने होतो. योग्य पद्धतीची मालिश, डोळ्याची स्वच्छता आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाट पाहणे, एवढ्यावर बहुसंख्य बाळे वर्षाची होण्याआधीच बरी होतात. मात्र वाट पाहणे आणि दुर्लक्ष करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्या लक्षणांत थांबावे आणि कोणत्या लक्षणांत एक दिवसही थांबू नये, हे पालकांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

अश्रूंची वाट

वरच्या पापणीच्या मागे, बाहेरच्या बाजूला अश्रुग्रंथी असते. तिच्यातून आणि पापण्यांतील लहान ग्रंथींतून पाझरणारा द्रव डोळ्याचा पृष्ठभाग ओला व स्वच्छ ठेवतो. यातील काही भागाची वाफ होते आणि उरलेला द्रव डोळ्याच्या आतल्या, म्हणजे नाकाकडील कोपऱ्याकडे सरकतो. तेथे वरच्या व खालच्या पापणीच्या काठावर एकेक बारीक छिद्र असते. आरशात नीट पाहिल्यास मोठ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यातही ते दिसू शकते. या छिद्रांतून सूक्ष्म नलिकांद्वारे अश्रू नाकाच्या मुळाशी असलेल्या अश्रुपिशवीत जातात. पिशवीखाली हाडाच्या बोगद्यातून उतरणारी अश्रुनलिका नाकाच्या आत, बाहेरच्या भिंतीवरील सर्वांत खालच्या हाडाच्या वळीखाली उघडते.

पापणी मिटते तेव्हा तिच्या स्नायूंमुळे पिशवीवर हलका दाब येतो आणि एखाद्या छोट्या पंपासारखे काम होऊन अश्रू पुढे ढकलले जातात. रडताना नाक वाहू लागते ते याच वाटेमुळे. डोळ्यात घातलेल्या औषधाची कडू चव थोड्या वेळाने घशात जाणवते, त्याचेही कारण हेच.

गर्भावस्थेत ही नळी प्रथम पेशींच्या भरीव दोरीच्या रूपात तयार होते. सुमारे तिसऱ्या महिन्यापासून ती आतून पोकळ होऊ लागते आणि नाकातील टोक सर्वांत शेवटी उघडते. त्या टोकाशी असलेल्या पातळ पडद्याला प्राग येथील एकोणिसाव्या शतकातील नेत्रतज्ज्ञ हासनर यांच्या नावाने ‘हासनरचा पडदा’ म्हणतात. अनेक बाळांमध्ये हा पडदा जन्मानंतर काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप फाटतो. ज्यांच्यात तो तसाच राहतो, त्यांच्या अश्रूंना नाकात उतरण्यास वाट मिळत नाही. बाहेर पडण्याचे तोंड बंद असलेल्या मोरीत पाणी तुंबावे, तसे अश्रू पिशवीत साचतात आणि डोळ्यातून गालावर ओघळतात. साचलेल्या द्रवात जंतू वाढतात आणि त्यामुळे पू येतो. येथे जंतुसंसर्ग हा परिणाम आहे, मूळ कारण तुंबणे हे आहे. केवळ जंतुनाशक थेंबांनी हा त्रास कायमचा का जात नाही, याचे उत्तर यातच आहे.

क्वचित अडथळा नळीच्या वरच्या भागात असतो, पापणीवरील छिद्रच तयार झालेले नसते किंवा हाडाचा बोगदा अरुंद असतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या आणि चेहऱ्याच्या हाडांची रचना वेगळी असलेल्या मुलांमध्ये हे प्रकार अधिक आढळतात व त्यांचे उपचारही वेगळे असतात.

लक्षणे कशी ओळखावीत?

पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या डोळ्यात अश्रू कमी तयार होतात. ते वाढू लागले की दोष उघड होतो. म्हणून तक्रार बहुधा जन्मानंतर लगेच सुरू न होता पहिल्या महिन्याच्या आसपास सुरू होते. ती एका डोळ्यात असू शकते, तशी दोन्ही डोळ्यांतही असू शकते. सर्दी झाल्यावर, थंड वाऱ्यात किंवा पंख्याच्या झोतात पाणी अधिक येते, कारण नाकातील आवरण सुजले की आधीच अरुंद असलेली वाट आणखी बंद होते.

या दोषात डोळ्याचा पांढरा भाग साधारणतः पांढराच राहतो. बाळ उजेडाकडे नीट पाहते, डोळा उघडा ठेवते, दूध पिते आणि खेळते. आतल्या कोपऱ्याजवळ नाकाच्या बाजूला हलके दाबल्यास छिद्रातून चिकट द्रव किंवा पू वर येतो. ही खूण निदानाला मोठी मदत करते. सततच्या ओलाव्याने पापणीखालची त्वचा लालसर व खरखरीत होऊ शकते.

शंका असल्यास नेत्रतज्ज्ञ डोळ्यात नारिंगी-पिवळ्या रंगद्रव्याचा एक थेंब घालतात आणि पाच मिनिटांनी निळ्या प्रकाशात पाहतात. वाट मोकळी असेल तर रंग बहुतांशी निघून जातो. अडथळा असेल तर तो डोळ्यात साचून राहतो. ही तपासणी वेदनारहित असून तिला भूल लागत नाही.

पाणी येते, पण कारण वेगळे

बाळाच्या डोळ्यातून पाणी येण्याची सर्वच कारणे निरुपद्रवी नसतात. म्हणून पहिले निदान घरात होऊ नये. एकदा तरी बालरोगतज्ज्ञांनी किंवा नेत्रतज्ज्ञांनी डोळा पाहिलेला असावा. पुढील स्थितींत विलंब धोक्याचा ठरतो.

जन्मजात काचबिंदू : या आजारात डोळ्यातील दाब वाढतो. बाळ उजेड सहन करू शकत नाही, डोळे घट्ट मिटून घेते किंवा चेहरा आईच्या कुशीत लपवते. बुबुळ मोठे, धूसर किंवा निळसर-पांढरे दिसू लागते. ‘बाळाचे डोळे किती टपोरे आहेत’ असे कौतुक होत असतानाच आत दृष्टीची नस नष्ट होत असू शकते. नवजात बाळाच्या बुबुळाचा व्यास सुमारे १० मिलीमीटर असतो. पहिल्या वर्षात तो १२ मिलीमीटरपेक्षा अधिक असल्यास काचबिंदूची शंका घेतलीच पाहिजे. आणखी एक खूण उपयोगी पडते. अश्रुनलिका बंद असेल तर त्या बाजूची नाकपुडी सहसा कोरडी राहते. काचबिंदूत वाट मोकळी असल्यामुळे डोळ्याबरोबर नाकही वाहते. या आजारात शस्त्रक्रिया लवकर होणे निर्णायक असते आणि गमावलेली दृष्टी परत येत नाही.

नवजात बाळाचा तीव्र नेत्रदाह : जन्मानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत डोळे लाल होणे, पापण्या सुजणे आणि भरपूर पू येणे हे प्रसूतीच्या वेळी झालेल्या जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. परम्याच्या जंतूंमुळे होणारा दाह बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसतो आणि काही दिवसांत बुबुळाला छिद्र पाडू शकतो. येथे रुग्णालयातील तातडीचे उपचार लागतात. आईचीही तपासणी व उपचार करावे लागतात.

अश्रुपिशवीचा निळसर फुगवटा : जन्मतः किंवा पहिल्या काही दिवसांत डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली निळसर, ताणलेली गाठ दिसते. पिशवीची दोन्ही तोंडे बंद झाल्याने ती फुगलेली असते. तान्हे बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. फुगवटा नाकाच्या आत पसरला तर दूध पिताना बाळाला धाप लागू शकते.

पिशवीचा तीव्र दाह : कोपऱ्यातील जागा लाल, गरम व दुखरी होते, सूज गालाकडे पसरते आणि ताप येतो. अशा वेळी मालिश ताबडतोब थांबवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मोठ्या माणसांत दीर्घकाळ चालणाऱ्या पिशवीच्या दाहाला बोलीत काही ठिकाणी ‘लासरू’ म्हणतात. तान्ह्या बाळात हाच दाह वेगाने पसरू शकतो.

याखेरीज पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासणे, डोळ्यात कण जाणे किंवा बुबुळावर जखम होणे हीही पाणी येण्याची कारणे आहेत. बाहुलीत पांढरी झाक दिसत असेल तर, पाणी येत असो वा नसो, तपासणी लांबणीवर टाकू नये.

आकडे काय सांगतात?

स्कॉटलंडमध्ये सुमारे ४,८०० अर्भकांची पाहणी करण्यात आली होती. तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात पाचांपैकी जवळजवळ एका बाळाला पहिल्या वर्षात अश्रू वाहण्याचा त्रास झाल्याचे दिसले. त्यांपैकी सुमारे ९६ टक्के बाळे पहिल्या वाढदिवसापर्यंत शस्त्रक्रियेविना बरी झाली होती.

अर्थात वय वाढेल तसा आपोआप बरे होण्याचा वेग मंदावतो. दोन महिन्यांच्या बाळाला आणि दहा महिन्यांच्या बाळाला मिळणारा दिलासा सारखा नसतो. तरीही सहा महिने उलटून गेल्यावर आशा संपते असे नाही. सहा ते दहा महिने वयाच्या, एका डोळ्यात अडथळा असलेल्या बाळांवर अमेरिकेत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एका गटावर लगेच सळई घालण्याची क्रिया करण्यात आली, तर दुसऱ्या गटाला सहा महिने मालिश व गरजेनुसार थेंब यांवर ठेवण्यात आले. दुसऱ्या गटातील सुमारे दोन-तृतीयांश बाळांना शस्त्रक्रियेची गरजच पडली नाही. लगेच क्रिया केलेल्या गटातील बाळांची त्रासातून सुटका लवकर झाली, हेही खरे. मात्र त्यांतील बरीच बाळे थोडे थांबल्यास त्या क्रियेविनाही बरी झाली असती.

मालिश : शंभर वर्षांची पद्धत

अमेरिकी नेत्रतज्ज्ञ क्रिगलर यांनी १९२३ साली या मालिशीचे शास्त्रशुद्ध वर्णन केले. तिच्यामागील विचार सरळ आहे. पिशवीत द्रव साचलेला असतो. वरची वाट बोटाने बंद करून तो द्रव झटकन खाली ढकलला, तर त्याच्या दाबाने टोकावरचा पातळ पडदा फाटू शकतो. म्हणजे ही क्रिया त्वचा चोळण्याची नसून द्रवाचा दाब योग्य दिशेला नेण्याची आहे. पुढे १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात क्रिगलर पद्धतीने मालिश केलेल्या बाळांचा अडथळा, नुसते हलके चोळलेल्या किंवा मालिश न केलेल्या बाळांच्या तुलनेत, अधिक प्रमाणात दूर झाला. मालिश केली जाते की नाही, याइतकेच ती कशी केली जाते याला महत्त्व आहे.

तिची रीत अशी :

१. हात साबणाने स्वच्छ धुवावेत. ज्या बोटाने मालिश करायची त्याचे नख पूर्ण कापलेले असावे. अंगठ्या, बांगड्या बाळाला लागणार नाहीत याची काळजी घ्यावी.

२. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापसाचा बोळा भिजवून पिळून घ्यावा आणि डोळ्यातील घाण आतून बाहेरच्या दिशेने एकदाच पुसावी. प्रत्येक डोळ्यासाठी आणि प्रत्येक वेळी नवा बोळा वापरावा.

३. तर्जनीचे किंवा करंगळीचे टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाला लागून असलेल्या खळगीत ठेवावे. बोट बुबुळावर किंवा पापणीवर येऊ देऊ नये.

४. प्रथम बोट आत, हाडाच्या दिशेने दाबावे. त्यामुळे द्रव पुन्हा डोळ्याकडे येण्याची वाट बंद होते.

५. दाब तसाच ठेवून बोट नाकाच्या कडेने खाली, नाकपुडीच्या दिशेने सरकवावे. बोटाखाली हाड जाणवेल इतका दाब हवा. केवळ त्वचा कुरवाळल्याने उपयोग होत नाही.

६. बोट उचलून पुन्हा वर ठेवावे. एका वेळी असे पाच ते दहा दाब द्यावेत. दिवसातून तीन-चार वेळा ही क्रिया करावी. दूध पाजण्याची किंवा लंगोट बदलण्याची वेळ यासाठी सोयीची असते, त्यामुळे विसरही पडत नाही.

७. मालिशीनंतर छिद्रातून पू वर आल्यास घाबरू नये. तो पुसून टाकावा. डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर ते यानंतर घालावेत, म्हणजे औषध पुवात वाहून जात नाही.

पहिल्यांदा डॉक्टरांनी स्वतः करून दाखवावी आणि मग आईने किंवा बाबांनी त्यांच्यासमोर करून पाहावी, हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. कागदावर वाचून बोटाची जागा अर्ध्या सेंटीमीटरने चुकली तरी महिनाभराचे श्रम वाया जातात. डोळ्याखालच्या गालावर चोळणे, पापणीवर गोल फिरवणे, बोट खालून वर नेणे आणि दाब फारच हलका ठेवणे या नेहमी आढळणाऱ्या चुका आहेत. बाळ थोडे रडते म्हणून अनेकजण दाब कमी करतात. बाळ बोटाच्या स्पर्शाने कुरकुरते, योग्य दाबाने त्याला इजा होत नाही.

दोन दिवस पाणी थांबले म्हणून मालिश लगेच सोडू नये. सर्दीत त्रास पुन्हा डोके वर काढतो. लक्षणे पूर्णपणे गेल्यानंतरही काही आठवडे ती चालू ठेवावी.

थेंब केव्हा, कोणते?

नुसते पाणी येत असेल आणि डोळा पांढरा असेल, तर औषधाची गरज नसते. पू वाढला, पापण्या दिवसभर चिकटू लागल्या किंवा डोळा लाल झाला, तर डॉक्टर काही दिवसांसाठी जंतुनाशक थेंब किंवा मलम देतात. त्यांनी पू कमी होतो, नळी उघडत नाही. महिनोन्‌महिने थेंब चालू ठेवल्यास औषधाला दाद न देणारे जंतू वाढण्याचा धोका असतो.

यापेक्षा मोठा धोका आहे तो मिश्र थेंबांचा. जंतुनाशकाबरोबर स्टेरॉइड असलेल्या थेंबांनी डोळा लवकर स्वच्छ दिसतो, म्हणून ते ‘चांगले’ वाटतात. परंतु देखरेखीशिवाय वापरल्यास स्टेरॉइडमुळे डोळ्यातील दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो आणि बुबुळावरील विषाणूंचा किंवा बुरशीचा संसर्ग चिघळू शकतो. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम आहे. तरीही शेजाऱ्यांनी सुचवलेले किंवा मोठ्या भावंडासाठी आणलेले थेंब बाळाच्या डोळ्यात घातले जातात. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा फ्लुओरोमेथोलोन असे नाव असेल, तर ते थेंब डॉक्टरांनी या बाळासाठी लिहून दिल्याशिवाय वापरू नयेत. उघडलेली बाटली साधारणतः महिनाभरानंतर टाकून द्यावी.

घरातील रीती आणि बाळाचे डोळे

आपल्याकडे बाळंतपणाच्या काळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या काही रीती या दोषात त्रासदायक ठरतात.

काजळ घातल्याने डोळे मोठे होतात, हा समज दृढ आहे. प्रत्यक्षात काजळाचे कण आणि ते घालणाऱ्या बोटावरचे जंतू अश्रूंबरोबर पिशवीत जातात आणि तुंबलेल्या वाटेत भर पडते. बाजारात मिळणाऱ्या काजळ व सुरम्याच्या काही नमुन्यांत शिसे आढळले आहे. शिसे बाळाच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर ती तळपायाला लावता येते.

मालिश करणाऱ्या बाई बाळाच्या नाकात किंवा डोळ्यात तेल सोडतात, नाक ओढून ‘सरळ’ करतात, नाकात फुंकर मारतात. यातून नळी उघडत नाही. नाकात सोडलेले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अंगाची मालिश खुशाल करावी. मात्र डोळ्याच्या कोपऱ्याची मालिश त्याच तेलकट हातांनी आणि त्याच पद्धतीने होत नाही, हे घरात स्पष्ट सांगितलेले बरे.

आंघोळीनंतर निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा टाकून दिलेली धुरी डोळ्यांना झोंबते आणि पाणी वाढवते. उदबत्तीचा व सिगारेटचा धूरही तसाच. मध, गुलाबपाणी किंवा वनस्पतींचा रस डोळ्यात घालू नये. आईचे दूध बाळासाठी उत्तम अन्न आहे, पण ते डोळ्यात पिळल्याने नळीच्या टोकावरचा पडदा उघडत नाही.

बाळाच्या डोळ्यातून पाणी येते म्हणून आईने काही पदार्थ वर्ज्य करावेत, यालाही आधार नाही. हा दोष आईच्या खाण्यातून, रडण्यातून किंवा तिने घेतलेल्या कमी काळजीतून निर्माण होत नाही. बाळंतिणीवर असा दोषारोप होत असेल, तर तो थांबवणे हे घरातील इतरांचे काम आहे.

किती काळ थांबावे?

सर्वसाधारणपणे बाळ नऊ ते बारा महिन्यांचे होईपर्यंत मालिश व देखरेख चालू ठेवली जाते. त्यानंतरही त्रास कायम असेल तर सळई घालून नळी मोकळी करण्याचा विचार होतो. वारंवार तीव्र दाह होत असेल किंवा निळसर फुगवटा असेल, तर हा निर्णय आधीच घ्यावा लागतो.

अश्रुनलिकेत सळई घालण्याची कल्पना फार जुनी आहे. फ्रेंच शल्यविशारद डोमिनिक अनेल यांनी १७१३ च्या सुमारास बारीक सळई व पिचकारी वापरून ही वाट मोकळी करण्याची पद्धत मांडली. इंग्रज नेत्रतज्ज्ञ विल्यम बोमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सळया सुधारल्या आणि त्यांचे नाव आजही त्या साधनाला जोडलेले आहे. पापणीच्या छिद्रातून बारीक, बोथट सळई पिशवीत व तेथून नळीत उतरवली जाते आणि खालचा पडदा भेदला जातो. नंतर पाणी सोडून वाट मोकळी झाल्याची खात्री करतात. सामान्यतः यासाठी पूर्ण भूल देतात. प्रत्यक्ष क्रिया काही मिनिटांची असते, टाके नसतात आणि बाळ बहुधा त्याच दिवशी घरी जाते.

भुलीची भीती स्वाभाविक आहे. तान्ह्या वयात एक तासापेक्षा कमी काळ, एकदाच दिलेल्या भुलीचा बौद्धिक विकासावर परिणाम होतो का, हे तपासणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वयाच्या पाचव्या वर्षी त्या मुलांत आणि संपूर्ण भूल न दिलेल्या मुलांत फरक आढळला नाही. तरीही लहान मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ आणि आवश्यक सोयी असलेले रुग्णालय निवडणे महत्त्वाचे.

या क्रियेने सर्वच मुले बरी होत नाहीत. चार वर्षांखालील मुलांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात (२००८) एकदा सळई घातल्यावर सुमारे ७८ टक्के डोळे बरे झाले. तीन वर्षांच्या वयापर्यंत यशाच्या प्रमाणात विशेष घट दिसली नाही. म्हणजे वर्षभर थांबल्याने ‘संधी हुकते’ ही भीती निराधार आहे. पहिल्या प्रयत्नात यश न आल्यास पुन्हा सळई घालणे, नळीत काही काळ सिलिकॉनची बारीक नळी ठेवणे किंवा फुग्याने वाट रुंद करणे हे मार्ग आहेत. पिशवीतून नाकात नवी वाट काढण्याची शस्त्रक्रिया फार थोड्या मुलांना लागते.

अश्रुनलिका बंद असलेल्या मुलांमध्ये दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या क्रमांकात मोठा फरक आणि त्यातून एक डोळा आळशी होण्याचा संभव काहीसा अधिक असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. म्हणून पाणी थांबले तरी एकदा दोन्ही डोळ्यांची, क्रमांकासह, पूर्ण तपासणी करून घेणे हिताचे.

देखरेखीचे साधे वेळापत्रक

वाट पाहण्याला वेळापत्रक असेल तरच ते उपचार ठरते. यासाठी वेगळ्या फेऱ्यांची गरज नाही. लसीकरणासाठी बाळाला ६, १० व १४ आठवड्यांनी आणि पुढे नवव्या महिन्यात नेले जाते. प्रत्येक वेळी डोळा दाखवावा आणि मालिश करून दाखवावी. नवव्या महिन्याच्या लसीच्या वेळी त्रास कायम असेल, तर नेत्रतज्ज्ञांची भेट ठरवावी. शक्यतो लहान मुलांच्या डोळ्यांचा अनुभव असलेले नेत्रतज्ज्ञ निवडावेत.

थोडक्यात

• डोळा पांढरा, बाळ आनंदी, फक्त पाणी व चिपडे : एकदा तपासणी, मग स्वच्छता व योग्य मालिश.

• पू वाढला, पापण्या दिवसभर चिकटतात : डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस जंतुनाशक थेंब, मालिश चालूच.

• उजेड सहन न होणे, मोठे किंवा धूसर बुबुळ, बाहुलीत पांढरी झाक : त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे.

• पहिल्या महिन्यात सुजलेल्या लाल पापण्या व भरपूर पू : त्याच दिवशी रुग्णालयात.

• कोपऱ्यात लाल, गरम, दुखरी सूज किंवा ताप : मालिश बंद, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

• निळसर गाठ किंवा दूध पिताना धाप : विलंब नको.

• काजळ, तेल, मध, स्टेरॉइडचे थेंब : डोळ्यात घरच्या घरी घालू नयेत.

• वर्षानंतरही त्रास कायम : सळई घालण्याच्या क्रियेबाबत नेत्रतज्ज्ञांचा सल्ला.